गोदाकाठची रात्र टिपताना शटर किती वेळ उघडे ठेवावे?

नांदेडच्या घाटांवर दिवेलागणीनंतर ट्रायपॉड मांडून बसलेले हौशी छायाचित्रकार हल्ली बरेच दिसतात आणि त्यांच्यापैकी निम्म्यांना कोणीतरी एकच मंत्र दिलेला असतो : शटर तीस सेकंद उघडे ठेवा, पाणी आपोआप मखमलीसारखे येईल. या मंत्रापायी मी स्वतः एक अख्खा हिवाळा वाया घालवला आहे. म्हणून या लेखात बाकीच्या पायऱ्या थोडक्यात उरकून, शटरचा वेळ ठरवण्याच्या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे. कॅमेरा मॅन्युअल मोडवर कसा चालवावा, रॉ फाइल म्हणजे काय आणि बॅटरी भरून न्यावी की नाही, हे वाचकांना ठाऊक आहे असे मी धरून चालतो.

जागा आधी दिवसा जाऊन पाहून ठेवावी. जुने शहर गोदावरीच्या उत्तर काठावर असल्याने घाटांवरचे दिवे आणि पाण्यातले त्यांचे प्रतिबिंब दोन्ही हवे असतील, तर समोरच्या दक्षिण काठावरून चित्र चांगले येते. तिथे उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले की मावळतीची उरलेली लाली डाव्या हाताला राहते. नगिना घाटाचा गुरुद्वारा, त्याखालच्या पायऱ्या आणि त्यांच्यापुढचे पाणी एवढेच चौकटीत घेतले तरी पुष्कळ झाले. सगळे शहर एका चित्रात कोंबण्याचा मोह टाळावा. गुरुद्वाऱ्याच्या आवारात ट्रायपॉड लावायचा असेल तर डोके झाकून जावे आणि तिथल्या सेवादारांना आधी विचारावे.

पाण्याची चौकशी मात्र निघण्यापूर्वीच करावी. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा असल्यामुळे घाटांपाशी पाणी किती आणि कसे आहे, हे तिथल्या दरवाजांवर बरेच अवलंबून असते. पावसाळ्यात दरवाजे उघडलेले असताना खालच्या पायऱ्यांवर ट्रायपॉड लावून बसणे हा शुद्ध वेडेपणा आहे. उन्हाळ्यात पात्र आक्रसते आणि प्रतिबिंबाऐवजी गाळच जास्त दिसतो. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

ट्रायपॉड दगडी पायरीवर लावावा. गाळावर लावणे भाग असेल तर पाय दाबून पूर्ण रुतवावेत, नाहीतर ते शटर उघडे असतानाच हळूहळू खचत राहतात. वाहता पूल टाळावा, कारण ट्रक गेला की पूल हलतो आणि पुलाबरोबर चित्रही हलते. लेन्समधले कंपनरोधक बंद करावे, दोन सेकंदांचा टायमर लावावा. दूरच्या एखाद्या दिव्यावर पडद्यावर मोठे करून फोकस साधावा आणि मग ऑटोफोकस बंद करून टाकावा.

आता मुख्य गोष्ट. अंधारात चित्र काढायचे म्हणजे शटर जास्त वेळ उघडे ठेवायचे, एवढेच आपल्या डोक्यात बसलेले असते आणि त्यामुळे तो वेळ अंधार पाहून ठरवला जातो. मीही तसेच करत असे. तीस सेकंद, साठ सेकंद, एकदा तर चार मिनिटे! त्या चार मिनिटांत जलपर्णीचा एक मोठा पुंजका संथपणे चौकटीतून निघून गेला आणि घाटाच्या प्रतिबिंबावर काळपट हिरवा पट्टा ओढल्यासारखा उमटला. इतर चित्रांत दिव्यांचे पांढरे गोळे झाले होते आणि आकाश गढूळ पिवळे आले होते. दोष कॅमेऱ्याचा आहे, असे मी बराच काळ समजत होतो.

शेवटी वैतागून एका संध्याकाळी मी एकच चौकट न हलवता सहा वेळा टिपली : २, ४, ८, १५, ३० आणि ६० सेकंद. उजेड सारखा राहावा म्हणून पहिल्या चार चित्रांत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ८०० वरून अनुक्रमे ४००, २०० आणि १०० पर्यंत उतरवला आणि पुढच्या दोन चित्रांत ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेडाचे छिद्र, एफ/८ वरून एफ/११ व एफ/१६ असे लहान केले (एफपुढचा आकडा मोठा तितके छिद्र लहान). घरी येऊन ती चित्रे शेजारी शेजारी ठेवली तेव्हा डोळे उघडले. दोन सेकंदांच्या चित्रात प्रतिबिंबे तुटक आणि खवल्यांसारखी होती, आठ सेकंदांत त्यांचे उभे खांब झाले होते, पंधरा सेकंदांत ते आणखी थोडे गुळगुळीत झाले होते आणि त्यापुढे पाण्यात काहीही फरक पडला नव्हता. साठ सेकंदांचे चित्र तर एफ/१६ मुळे उलट मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट, पडले होते.

याचे कारण सोपे आहे. कॅमेरा लहरींची सरासरी काढत असतो आणि दहा-बारा लहरी त्या सरासरीत आल्या की ती स्थिरावते. त्यानंतरचा प्रत्येक सेकंद पाण्याला काही देत नाही. धक्का बसण्याची, जलपर्णी येण्याची आणि सेन्सर तापून रंगीत ठिपके उमटण्याची संधी तेवढी वाढवतो. म्हणून वेळ अंधाराला विचारून ठरवू नये, पाण्याला विचारून ठरवावा. समोरच्या एका दिव्याचे प्रतिबिंब निवडावे आणि ते एकदा मोडून पुन्हा जुळायला किती वेळ लागतो, हे मनात मोजावे. सेकंदभर लागत असेल तर दहा ते बारा सेकंद पुरतात. वारा असून पाणी भराभर थरथरत असेल तर पाच-सहा सेकंदांतही काम होते. वारा पूर्ण पडलेला असेल आणि पाणी आरशासारखे असेल, तर वेळ वाढवणे हे नुकसानच आहे, कारण मधेच एखादा मासा उसळला तरी आरसा मोडतो. अशा वेळी मी दोन-तीन सेकंदांवर जात नाही.

वेळ ठरल्यावर उजेडाचा हिशोब त्याच्याभोवती बसवावा. आधी आयएसओ ६४०० वर एफ/८ ठेवून एक सेकंदाचे चाचणीचित्र घ्यावे. ते बरोबर आले तर आयएसओ १०० वर त्यालाच ६४ सेकंद लागतील आणि बहुतेक जण इथेच ६४ सेकंद लावून मोकळे होतात. आपल्याला मात्र बारा ते सोळा सेकंदच हवे आहेत, म्हणून आयएसओ ४०० करावा आणि १६ सेकंद ठेवावेत. आयएसओ १०० च्या पलीकडे पाऊल टाकणे हे पाप आहे, असे सांगणारे लोक भेटतील. त्यांचे ऐकू नये. आजच्या कॅमेऱ्यांत ४०० वर दिसण्याजोगा बिघाड होत नाही, पण जास्त उजेडाने पांढराफटक झालेला दिवा कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या गडद-उजळ भागांचा कॅमेऱ्यावरचा आलेख, पाहावा : दिव्याची काच पांढरी झाली तर चालते, पण दिव्याने उजळलेली भिंत पांढरी होता कामा नये. सावल्या थोड्या गडद राहिल्या तरी रॉ फाइलमधून घरी उचलता येतात.

उलट अडचण संधिप्रकाशात येते. तेव्हा एफ/८ आणि आयएसओ १०० वर एका सेकंदातच चित्र पुरेसे उजळते आणि पाण्याला तर आठ-दहा सेकंद हवे असतात. अशा वेळी ॲपर्चर एफ/२२ पर्यंत मिटवण्याचा सल्ला मिळतो. तो मानला की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळे चित्र मऊ पडते. त्याऐवजी आठपट उजेड कापणारा, एनडी ८ नावाचा फिल्टर लावावा, म्हणजे एका सेकंदाचे आठ होतात.

हा संधिप्रकाशच चित्राचा प्राण आहे. सूर्यास्तानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांनी आकाशाची निळाई आणि घाटावरचे दिवे यांचा उजेड जवळपास बरोबरीला येतो. त्याआधी दिवे फिके वाटतात आणि नंतर आकाश काळे होऊन दिवे फटफटीत दिसतात. ही वेळ फार थोडी असते, म्हणून चौकट आणि फोकस आधीच पक्के करून ठेवावे आणि दर दोन-तीन मिनिटांनी चाचणीचित्र घेऊन हिशोब सुधारत राहावा. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनची सोय या वेळात बंद ठेवावी. ती प्रत्येक चित्रानंतर तेवढ्याच वेळाचे दुसरे काळे चित्र घेत बसते आणि नेमकी निळाई त्या काळ्या चित्रांत निघून जाते.

दिव्यांना किरणे फुटलेली हवी असतील तर एफ/११ पुरे. लेन्समधल्या ॲपर्चरची पाती सात असतील तर किरणे चौदा येतात, आठ असतील तर आठच.

रंगांचे काम घरी करावे. पिवळे सोडियमचे दिवे आणि पांढरे एलईडी एकाच चौकटीत आले की दोन्ही एकदम बरोबर दिसत नाहीत. मी एलईडी किंचित निळसर ठेवतो आणि सोडियमचा पिवळा तसाच राहू देतो, कारण तो पुसायला गेलो की घाटाचा दगड मेल्यासारखा राखाडी होतो.

कार्तिक पौर्णिमेच्या आसपास नदीत दिवे सोडले जातात, तेव्हा वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवावा. दिवा प्रवाहाबरोबर सरकत असतो, त्यामुळे दहा सेकंदांत त्याची सोनेरी रेघ होते आणि ती चांगली दिसते; पण ज्योत ज्योतीसारखी हवी असेल तर एका सेकंदाच्या आत राहावे लागते आणि त्यासाठी आयएसओ १६०० पर्यंत न्यायला मी कचरत नाही. दिवा सोडणारी माणसे चौकटीत येत असतील तर आधी विचारावे आणि कोणी स्नान करत असेल तर कॅमेरा दुसरीकडे वळवावा.