रेणूची फाईल उघडत नाही? आधी ती आतून तपासा

फाईल उघडत नाही म्हटलं की पहिला सल्ला येतो, ‘एक्स्टेन्शन बदलून बघ.’ दुसरा, ‘ऑनलाइन कन्व्हर्ट कर.’ हे सल्ले देणं आता थांबायला हवं. नाव बदलून आतला मजकूर बदलत नाही. आणि बिघडलेली फाईल कन्व्हर्टरमधून काढली, तर बिघाड नव्या फाईलमध्ये जातो आणि तिथे तो सापडणं आणखी कठीण होतं. रेणू पडद्यावर दाखवणारं पायमॉल, काइमेरा-एक्स, व्हीएमडी, कोणतंही सॉफ्टवेअर वापरत असाल तरी पुढचा क्रम तोच.

मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवा. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसतील अशी सोय करा, ‘.पीडीबी’च्या (रेणूतल्या अणूंच्या जागा नोंदवणारा नेहमीचा फाईलप्रकार) मागे ‘.टीएक्सटी’ लपलेलं असेल तर ते काढा.

मग फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. नोटपॅड प्लस प्लस चालेल, वर्ड अजिबात नको. सुरुवात ‘डेटा’ आणि अंडरस्कोरने होत असेल तर ती एमएमसिफ, म्हणजे मोठ्या रचनाही मावणारा पीडीबीचा पर्याय आहे. ‘हेडर’ किंवा ‘एटम’ दिसलं तर पीडीबी. चौथ्या ओळीच्या शेवटी ‘व्ही२०००’ असेल तर मोल किंवा एसडीएफ, हे लहान रेणूंचे फाईलप्रकार. एचटीएमएल दिसलं तर रेणूऐवजी वेबपान डाउनलोड झालंय. नुसती अगम्य चिन्हं दिसली तर बहुधा जीझिप, म्हणजे दाबून लहान केलेली फाईल आहे, आधी मोकळी करा.

फाईल पीडीबी निघाली की खरी मेख पुढे आहे. मलाही सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला. पीडीबीतली माहिती मोकळ्या जागेने तोडलेली नसते, रकान्यांनी बांधलेली असते; रकाना म्हणजे ओळीतली एका अक्षराची जागा. अणूची जागा सांगणाऱ्या तीन आकड्यांपैकी (सहनिर्देशक) एक्स ३१ ते ३८ या रकान्यांत, वाय ३९ ते ४६, झेड ४७ ते ५४. दोन आकड्यांमध्ये जागा असलीच पाहिजे असा नियम नाही. उणे १००.१२३ हा आकडा आठही रकाने व्यापतो, त्यामुळे शेजारचे दोन आकडे एकमेकांना चिकटून येतात आणि तरीही फाईल शंभर टक्के बरोबर असते. प्रथिनाच्या ए साखळीतलं हजारावं अमिनो आम्लही ‘ए१०००’ असं सलग छापलं जातं. म्हणून स्पेसवर ओळ तोडणाऱ्या स्क्रिप्टने पीडीबी कधीही, कधीही संपादित करू नका. पहिल्या ९९९ अमिनो आम्लांच्या ओळी छान निघाल्या यावरून काहीच सिद्ध होत नाही.

तपासायची माझी पद्धत सोपी आहे. एडिटरमध्ये खाली रकान्याचा क्रमांक दिसतो. तीन सहनिर्देशकांचे दशांशचिन्ह ३५, ४३ आणि ५१ या रकान्यांतच हवेत. एकही सरकलं असेल तर ती ओळ बिघडली आहे. लपलेली चिन्हं दाखवा. टॅब दिसला तर गुन्हेगार तोच. स्पेसबार दाबत ओळी जुळवत बसू नका, आल्ट दाबून उभा पट्टा निवडा आणि एकदाच सरकवा.

अणूच्या नावाची जागा तर डोळ्यांत तेल घालून बघा. अल्फा कार्बन (प्रत्येक अमिनो आम्लातला मधला कार्बन) आणि कॅल्शियम, दोघांचंही नाव ‘सीए’. फरक एवढाच की कॅल्शियम १३व्या रकान्यापासून सुरू होतो, अल्फा कार्बन १४व्यापासून. ७७–७८ रकान्यांत मूलद्रव्याचं चिन्ह नसेल तर सॉफ्टवेअर या जागेवरूनच अंदाज बांधतं. कॅल्मोड्युलिन या प्रथिनाच्या ‘१सीएलएल’ या रचनेत खरे कॅल्शियम आयन फक्त चार आहेत. पडद्यावर साखळीभर कॅल्शियमचे गोळे दिसले, तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका, रकाने बघा.

रचना फार मोठी असेल तर पीडीबीचा हट्ट सोडा. फाईलमधल्या अणूच्या अनुक्रमांकाला पाचच रकाने, म्हणजे ९९,९९९ पर्यंतच मजल. साखळीच्या नावाला एकच अक्षर. एचआयव्हीच्या कॅप्सिडची (विषाणूचं प्रथिनांचं कवच) ‘३जे३क्यू’ ही रचना २० लाखांहून जास्त अणूंची आहे, ती एमएमसिफमध्येच घ्या. मात्र एमएमसिफमध्ये साखळीला दोन नावं असतात, एक संशोधकांनी दिलेलं, एक रचना साठवणाऱ्या डेटाबँकेचं. एका सॉफ्टवेअरमध्ये बी असलेली साखळी दुसऱ्यात डी दिसली, तर फाईल बिघडलेली नाही.

औषधाचा लहान रेणू पीडीबीत साठवू नका. कोणता अणू कोणाला जोडलाय एवढंच त्यात राहतं; बंध एकेरी की दुहेरी याची नोंद नसते आणि सॉफ्टवेअर तो अंदाजाने भरतं. एसडीएफ घ्या.

डॉकिंगमधून (लहान रेणू प्रथिनात कसा बसेल याचं गणित) आलेल्या पीडीबीक्यूटी फाईलचं नाव बदलून पीडीबी करणं हाही तसलाच सल्ला. तिथे ओळीच्या शेवटी मूलद्रव्याऐवजी ऑटोडॉक या डॉकिंग सॉफ्टवेअरचा अणुप्रकार असतो. ‘ए’ म्हणजे ॲरोमॅटिक कार्बन, ‘एनए’ म्हणजे हायड्रोजन बंध स्वीकारणारा नायट्रोजन. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये या ‘एनए’चा सोडियम होऊ शकतो.

सिम्युलेशनची ट्रॅजेक्टरी (अणूंच्या हालचालीची क्षणाक्षणाची नोंद) रचनेवर चढत नसेल तर आधी रचना आणि ट्रॅजेक्टरी या दोन्ही फायलींतली अणुसंख्या जुळते का ते पाहा. पाणी काढून साठवलेली ट्रॅजेक्टरी पाण्यासकट असलेल्या रचनेवर चढणार नाही.

दुरुस्त केलेली फाईल नव्या नावाने साठवा, पुन्हा उघडा, आणि अणू, साखळ्या व लिगंड (प्रथिनाला चिकटलेले लहान रेणू) यांची संख्या मूळ फाईलशी ताडून बघा. एकही आकडा चुकला तर मूळ प्रत घेऊन रकान्यांपासून पुन्हा सुरुवात करा.