आरसीटीत (रूट कॅनॉल ट्रीटमेंटमध्ये) कुठलं मटेरियल कधी आणि कशासाठी

परीक्षेसाठी टक्केवारी आणि पीएच सगळ्यांचे पाठ असतात, पण पेशंट समोर बसला की कशानंतर काय घालायचं इथेच गाडी अडते, म्हणून बीडीएसवाल्यांसाठी मटेरियल्स ज्या क्रमाने हातात येतात त्याच क्रमाने लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. कॅनॉल (मुळाच्या आतली नळी) घासायची फाईल कितीही भारी असली तरी ती कॅनॉलच्या प्रत्येक भिंतीला टेकत नाही, आणि तिथे राहिलेला पल्प (दाताच्या आतला मऊ गाभा) विरघळवायचं काम हायपोच करतं, वर बॅक्टेरियाही मारतं. ०.५ ते ५.२५ टक्के काहीही वापरतात. कमी टक्क्याचं घेतलं तर मात्र भरपूर आणि सारखं बदलत राहा, कारण टिश्यूशी रिअॅक्शन झाली की त्यातलं क्लोरीन संपतं आणि आत नुसतं पाणी राहिल्यासारखंच होतं. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावल्याशिवाय हात लावायचा नाही. सुई साइड व्हेंटेड (बाजूला भोक असलेली) घ्या, वर्किंग लेंथच्या (कॅनॉलच्या मोजलेल्या लांबीच्या) १-२ मिमी अलीकडे स्टॉपर लावा, सुई कॅनॉलमध्ये सैल हलली पाहिजे, आणि सिरिंज अंगठ्याने न दाबता तर्जनीने हळूहळू दाबा, म्हणजे प्रेशर आपोआप कमी पडतं. सुई अडकलेली असताना जोर लावला आणि हायपो एपेक्सबाहेर (मुळाच्या टोकाबाहेर) गेलं तर पेशंट एकदम कळवळतो, बघता बघता गाल सुजतो आणि कॅनॉलमधून रक्त येतं.

हायपोने स्मिअर लेअर निघत नाही. फाईल फिरवल्यावर डेंटिनचा (दाताच्या आतल्या कडक थराचा) जो चिखल भिंतीवर थापला जातो त्यातला इनऑरगॅनिक भाग काढायला शेवटी १७ टक्के ईडीटीए, साधारण एक मिनिट. जास्त वेळ ठेवून फायदा काही नाही, उलट डेंटिन खाल्लं जातं.

आता मिसळायचं काय नाही ते बघा. ईडीटीए हायपोतलं क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून दोन्ही एकाच वेळी आत नको. आणि क्लोरहेक्सिडीन २ टक्के वापरणार असाल तर मध्ये सलाइनने नीट धुवा आणि पेपर पॉइंटने कोरडं करा. विश्वास बसत नसेल तर काचेच्या डॅपेन डिशमध्ये हायपोवर क्लोरहेक्सिडीनचे दोन थेंब टाका, लगेच नारिंगी-तपकिरी गाळ होतो, तोच ट्यूब्यूल्समध्ये (डेंटिनमधल्या बारीक नळ्यांत) बसतो आणि दाताला डागही पडतो. क्लोरहेक्सिडीनचा बॅक्टेरियावरचा असर बराच टिकतो हे खरं, पण टिश्यू ते विरघळवत नाही, त्यामुळे हायपोच्या जागी ते चालत नाही.

एका सिटिंगमध्ये संपत नसेल तर मधल्या दिवसांत कॅनॉलमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पीएच साधारण १२.५, एक ते दोन आठवडे. भिंतीला लागलं पाहिजे, नुसतं तोंडाशी भरून उपयोग नाही. पुढच्या वेळी ते पूर्ण काढा, राहिलं तर सीलर (कॅनॉल भरताना फटी बुजवणारं सिमेंट) नीट बसत नाही.

मग कॅनॉल भरायला गुट्टा पर्चा (जीपी). नाव गुट्टा पर्चा असलं तरी कोनमध्ये तो साधारण २० टक्केच, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड. कोन वाकवून बघा, ताजा असेल तर वाकतो, जुना किंवा उजेडात पडलेला कडकन तुटतो, तो टाकून द्या. ऑटोक्लेव्ह करता येत नाही, ५.२५ टक्के हायपोत मिनिटभर बुडवून धुवा आणि पुसा. जीपी डेंटिनला चिकटत नाही, म्हणून सीलर लागतोच, पण पातळ थर, जीपी जास्त आणि सीलर कमी.

सीलरमध्ये झिंक ऑक्साइड युजेनॉल स्वस्त आणि जुना, पण युजेनॉल राहिलं तर वरचं कॉम्पोझिट नीट सेट होत नाही. इपॉक्सी रेझिनवाला फारसा आकसत नाही, मला रोजच्या केसला तोच बरा वाटतो. बायोसिरॅमिक सेट व्हायला डेंटिनमधला ओलावा घेतो, म्हणून कॅनॉल अल्कोहोलने खडखडीत सुकवू नका. एकदा सेट झाला की रिट्रीटमेंटला मात्र घाम काढतो.

परफोरेशन (मुळाला पडलेलं भोक) किंवा ओपन एपेक्स (मुळाचं उघडं टोक) असेल तर एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अॅग्रिगेट), जे टोराबिनेजाद यांच्या टीमने १९९३ मध्ये मांडलं. मुळात पोर्टलँड सिमेंट आणि बिस्मथ ऑक्साइड, पावडर ३ ला पाणी १, हाताला ओल्या वाळूसारखं लागतं आणि सेट व्हायला पावणेतीन तास घेतं. ओलावा मिळावा म्हणून ओला कापूस ठेवून बंद करतात आणि पुढच्या वेळी टोचून सेट झालंय का बघतात. पुढच्या दातात सांभाळून, बिस्मथमुळे दात काळवंडतो. त्याच कामाचं बायोडेंटीन साधारण १२ मिनिटांत सेट होतं, महाग असलं तरी वेळ वाचतो.

शेवटी टेम्पररी फिलिंग, कॅव्हिटसारखं, निदान साडेतीन मिमी जाड. खाली कापसाचा गठ्ठा कोंबून वर पापुद्रा लावला तर लाळ आत जाते आणि सगळी आरसीटी परत उघडावी लागते. कापूस कमीत कमी ठेवा, आणि मागच्या दाताला क्राउनची तारीख त्याच दिवशी देऊन टाका.