डीएनए रिपोर्टमधले टक्के आणि प्रोस्टेट कॅन्सरचा धोका: नेमकं बघायचं काय

डीएनए टेस्ट केली, रिपोर्टमध्ये २२ टक्के आफ्रिकन, ७० टक्के युरोपियन, उरलेलं मूळ अमेरिकन असं काहीतरी आलं आणि अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुष प्रोस्टेट कॅन्सरने जास्त दगावतात हे ऐकून आता डोक्यात एकच की आपल्याला त्याचा धोका किती? तर आधी हे पक्कं करा, तो टक्का म्हणजे धोक्याचा आकडा नाही.

टक्का म्हणजे सगळ्या जीनोमची (तुमच्या संपूर्ण डीएनएची) सरासरी, धोका मात्र ठराविक जागांवरच्या बदलांमुळे वाढतो. आठव्या क्रोमोसोमवरची ८क्यू२४ ही जागा घ्या. २००६ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन पुरुषांच्या अभ्यासात दिसलं की कॅन्सर झालेल्यांमध्ये नेमक्या याच तुकड्यावर आफ्रिकन वारसा बाकी जीनोमपेक्षा जास्त आहे. पण तुमचे एकूण २२ टक्के असले तरी इथल्या दोन्ही कॉपी (एक आईकडची, एक वडिलांकडची) युरोपियन असू शकतात, सख्ख्या भावाचं वेगळंच असू शकतं, आणि कॉपी आफ्रिकन आहे म्हणून धोक्याचा बदल तिच्यात असेलच असंही नाही.

म्हणून आधी घरच्यांना विचारा. वडील, भाऊ, काका, मामा, कोणाला झाला आणि कितव्या वर्षी. आईकडच्या बायकांना ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालाय का हेही विचाराच, कारण हे कॅन्सर आणि प्रोस्टेट कॅन्सर दोन्हींचा धोका वाढवणारा बीआरसीए२ जीनमधला दोष आईकडूनही येतो आणि नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

जीन टेस्ट करणार असाल तर पूर्ण जीन वाचतात की दोन-चार ठराविक बदलच बघतात ते विचारून घ्या. एचओएक्सबी१३ जीनमधला जी८४ई हा बदल मुख्यतः उत्तर युरोपीय वंशात सापडतो, पश्चिम आफ्रिकन वंशात एक्स२८५के हा वेगळाच, त्यामुळे पहिलाच तपासून निगेटिव्ह आलं तर मिश्र वंशाच्या माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही. रिस्क स्कोअरचंही (अनेक छोट्या बदलांची बेरीज करून काढलेला धोक्याचा आकडा) तेच, ते बहुतेक युरोपियन लोकांच्या डेटावर बनलेत.

अमेरिकन कॅन्सर सोसायटी म्हणते पीएसए टेस्टबद्दल (प्रोस्टेटमधून येणारं पीएसए हे प्रथिन रक्तात किती आहे ते बघणारी टेस्ट) डॉक्टरांशी ५० व्या वर्षी बोला, कृष्णवर्णीय असाल किंवा वडील-भावाला ६५ च्या आत झाला असेल तर ४५, आणि अशा एकाहून जास्त जणांना झाला असेल तर ४०. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुष या कॅन्सरने गोऱ्यांच्या साधारण दुप्पट प्रमाणात दगावतात, आणि त्यात उशिरा निदान, अपुरे उपचार यांचाही हात आहे, सगळं जीन्सवर ढकलू नका.

पीएसए टेस्टच्या आधी दोन दिवस सेक्स आणि सायकलिंग टाळा, लघवीचं इन्फेक्शन असेल तर आधी बरं होऊ द्या, आणि फिनास्टेराइड हे औषध घेत असाल (केसांसाठी घेत असाल तरी) डॉक्टरांना सांगाच, त्याने पीएसए जवळपास निम्मा दिसतो.