मोतीबिंदूची शस्त्रक्रिया: भिंग, इंजेक्टर आणि छेद यांचा मेळ कसा घालावा

नेत्रशल्यगृहात नव्याने रुजू झालेले निवासी डॉक्टर आणि भिंग भरून देणाऱ्या परिचारिका व सहायक यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. छेद किती मिलिमीटरचा घ्यायचा, हा निर्णय पुष्कळदा त्या दिवशी टेबलावर असलेल्या केराटोमवर (छेद घेण्याच्या पात्यावर) सोडला जातो. खरे तर आधी मोतीबिंदू किती कठीण आहे ते पाहावे, मग भिंग ठरवावे, मग ते आत नेणारे साधन (इंजेक्टर), आणि पाते सर्वांत शेवटी निवडावे.

हिंगोली, परभणी, बीड भागातील खेड्यांतून येणारे वयस्कर रुग्ण सुगी उरकल्यावर किंवा घरातली माणसे ऊसतोडीहून परतल्यावरच दवाखान्याची वाट धरतात आणि तोवर मोतीबिंदू तपकिरी, दगडासारखा झालेला असतो. अशा डोळ्यात फेकोचा (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून लहान छिद्रातून ओढून काढण्याच्या पद्धतीचा) हट्ट धरून अल्ट्रासाउंड फार वेळ चालवले, तर कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशी नष्ट होतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून तेथे ६ ते ७ मिलिमीटरचा श्वेतपटलातील बोगदा करून बिनटाक्याची शस्त्रक्रिया करणे हाच माझ्या मते अधिक जबाबदार मार्ग आहे. बोगद्याचे आतले तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद ठेवावे, म्हणजे केंद्रक (मोतीबिंदूचा कठीण गाभा) न अडता बाहेर येते. त्याच वाटेने ६ मिलिमीटर ऑप्टिकचे (भिंगाच्या मधल्या गोल भागाचे) पीएमएमए, म्हणजे कडक प्लास्टिकचे, भिंग चिमट्याने सरळ आत जाते, त्यासाठी इंजेक्टर लागत नाही. मात्र एवढा मोठा छेद वरच्या बाजूला घेतला की कॉर्नियाची उभी वक्रता कमी होते. उतारवयात बहुधा आडवी वक्रता आधीच जास्त असते, त्यामुळे चष्म्याचा सिलिंडर वाढतो. अशा रुग्णात कानाच्या बाजूचा छेद विचारात घ्यावा.

मध्यम कठीण मोतीबिंदूसाठी फेको योग्य. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिले कृत्रिम भिंग बसवले ते पीएमएमएचे, म्हणजे न दुमडणारे होते. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये फेको आणल्यावर मोतीबिंदू लहान छिद्रातून निघू लागला, तरी भिंगासाठी तेच छिद्र वाढवावे लागे. दुमडणारी भिंगे आल्यावर ही अडचण दूर झाली. सुरुवातीला ती चिमट्याने दुमडून घालत, पण चिमट्याची जाडीही छेदातूनच जात असल्याने साधारण साडेतीन मिलिमीटर तरी जागा लागे. कार्ट्रिज (भिंग दुमडून धरणारी नळी) आणि इंजेक्टर यांमुळे आज तेच ६ मिलिमीटरचे ऑप्टिक २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदातून जाते.

येथे सर्वाधिक काळजी हवी. प्रत्येक भिंगाला उत्पादकाने ठरवून दिलेले कार्ट्रिज असते आणि दुसऱ्या कंपनीचे, केवळ शिल्लक आहे म्हणून, वापरू नये. भिंगाचा नंबर जितका जास्त तितके ते मध्यभागी जाड असते. त्यामुळे २८ किंवा ३० डायॉप्टरचे भिंग सर्वांत बारीक टोकातून दाबले, तर कार्ट्रिजला तडा जाऊ शकतो किंवा भिंगाला ओरखडा पडू शकतो. टोक छेदात पूर्ण न घालता नुसते तोंडाशी टेकवून भिंग सोडण्याची पद्धतही आहे. तिने छेद लहान ठेवता येतो, पण जखमेच्या कडांवर ताण येतो. २.२ चा छेद ताणून फाटण्यापेक्षा पहिल्यापासून स्वच्छ कापलेला २.८ चा छेद केव्हाही चांगला मिटतो. शस्त्रक्रियेच्या अखेरीस छेद किती उरला, हेच माप खरे.

भिंग भरण्यापूर्वी रुग्णाचे नाव, उजवा-डावा डोळा, नंबर आणि मुदत मोठ्याने वाचून डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. शीतकपाटातले व्हिस्कोइलॅस्टिक (डोळ्यात जागा राखणारा व भिंग सरकू देणारा जेल) आधीच बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. उन्हाळ्यात आपल्याकडे वातानुकूलन फार थंड ठेवले जाते, तेव्हा हायड्रोफोबिक (पाणी न शोषणारे) ॲक्रिलिक भिंग कडक होते आणि सावकाश उलगडते, हे ध्यानात असावे. कार्ट्रिजमध्ये व्हिस्कोइलॅस्टिक सढळ हाताने भरावे, कोरड्या नळीतून भिंग कधीही ढकलू नये. भिंग बोथट चिमट्याने, ऑप्टिकच्या मध्यभागी न दाबता उचलावे. त्याच्या दोन्ही कडा खाचेखाली बसल्या आहेत आणि मागचा हॅप्टिक (भिंगाला आधार देणारा बाजूचा पाय) प्लंजरखाली (ढकलणाऱ्या दांड्याखाली) अडकलेला नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच कार्ट्रिज मिटावे. दुमडलेले भिंग फार वेळ तसेच ठेवू नये. डॉक्टर तयार असतील तेव्हाच भरावे. आधीच भरलेले इंजेक्टर मिळतात, त्यांत हाताळणी आणि संसर्गाची शक्यता कमी होते. खर्च परवडत असेल तर ते जरूर घ्यावेत.

डॉक्टरांनी पुढचा कप्पा आणि भिंगाची पिशवी (मूळ भिंगाचे मागे उरलेले आवरण) व्हिस्कोइलॅस्टिकने फुगवून, टोकाचे तिरके तोंड खाली ठेवून आत शिरावे. प्लंजर एका संथ गतीने पुढे न्यावा. अडथळा जाणवला तर जोर न वाढवता थांबून पाहावे. पुढचा हॅप्टिक पिशवीत गेला की मागचा हुकने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून आत घ्यावा. भिंग तसे सहज फिरत नसेल, तर ते उलटे पडले आहे का ते तपासावे. पिशवीचा मागचा पडदा फाटला असेल, तर एकसंध ॲक्रिलिक भिंग पिशवीपुढच्या खाचेत ठेवू नये. ते बाहुलीच्या पडद्याला घासते आणि दाह होतो. त्यासाठी तीन भागांचे भिंग आणि त्याचे कार्ट्रिज शस्त्रक्रिया सुरू होण्याआधीच जवळ असावे, मग शस्त्रक्रिया घाटी रुग्णालयात असो वा तालुक्याच्या लहान शल्यगृहात.

भिंगामागे राहिलेले व्हिस्कोइलॅस्टिकही काढावे, अन्यथा डोळ्याचा दाब चढतो. छेदाच्या कडा द्रवाने फुगवून कोरड्या स्पंजने गळती पाहावी. गळत असेल तर १०-० नायलॉनचा (अतिशय बारीक धाग्याचा) एक टाका घालण्यात कमीपणा मानू नये, कारण गळक्या जखमेतून जंतू आत शिरले तर डोळा जाऊ शकतो. भिंगाचे स्टिकर रुग्णाच्या कार्डावर चिकटवावे आणि छेदाची जागा, अखेरचे माप व कार्ट्रिजचा प्रकार शेजारी मराठीत लिहावा. किनवटहून आलेली आजी दुसऱ्या डोळ्यासाठी जालना, उदगीर किंवा नांदेड यांपैकी कोठेही जाऊ शकते आणि तेथल्या डॉक्टरांच्या हाती तेवढा एकच कागद असतो.