दारू आणि मनाचा आजार एकाच पेशंटमध्ये: फॅमिली डॉक्टरांनी या चुका टाळा

दारूचा पेशंट दवाखान्यात दारूसाठी क्वचितच येतो. जळजळ होते, झोप लागत नाही, पायांना मुंग्या येतात अशा तक्रारी घेऊन तो येतो. उदासीनतेचा पेशंटही ‘मन उदास आहे’ म्हणत नाही, ‘अशक्तपणा आलाय, ताकदीची सुई द्या’ म्हणतो. दोन्ही आजार एकाच माणसात असले की एक पकडला जातो आणि दुसरा निसटतो. सोलापुरात असा माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधी कित्येक वर्षे गल्लीतल्या दवाखान्यातच येत असतो, म्हणून हा विषय आपलाच आहे.

‘आधी दारू सोड, मग मनाचं बघू’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. व्यसनमुक्तीवाले म्हणतात आधी डोक्याचा इलाज करून या, डोक्याचे डॉक्टर म्हणतात आधी दारू बंद करा, आणि मधल्या मध्ये पेशंट गुत्त्यावर परत जातो. दोन्हींवर एकाच वेळी आणि एकाच डॉक्टरच्या देखरेखीखाली काम व्हायला हवे. तज्ज्ञाकडे पाठवले तरी पुढची तारीख आपल्याच दवाखान्याची द्यावी.

याच्या उलटी चूकही होते. दारूचे प्रमाण न विचारता पहिल्याच दिवशी एस्सिटालोप्रॅम ही नैराश्याची गोळी सुरू केली जाते. रोज भरपूर पिणाऱ्याची उदासी पुष्कळदा दारूनेच आणलेली असते आणि दारू थांबल्यावर 2 ते 4 आठवड्यांत बरीच ओसरते. पण उदासी दारूच्या आधीपासूनची असेल, दारू बंद असतानाही टिकत असेल किंवा फार तीव्र असेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

हे ओळखायला आपल्याकडे एक सोपी वाट आहे. इथे पुष्कळ पिणारे श्रावण पाळतात, कुणी माळ घातल्यावर दारू सोडून पाहिलेली असते. म्हणजे दारू बंद असतानाचा काळ इतिहासात आयता सापडतो. दोन प्रश्न विचारा. ‘श्रावणात बंद केली तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरले, घाम सुटला, फिट आली, भास झाले?’ आणि ‘पंधरा-वीस दिवसांनी मन कसं होतं?’ पहिल्या उत्तरावरून घरी दारू सोडवणे सुरक्षित आहे का ते कळते. दुसऱ्यावरून उदासी दारूची की स्वतंत्र, याचा अंदाज येतो. त्या महिन्यात माणूस खुलला असेल तर आधी दारूवर भर देऊन 3 ते 4 आठवड्यांनी मनःस्थिती पुन्हा तपासावी. श्रावणातही तो घुम्मच बसून राहत असेल, तर नैराश्याचा उपचार आजच सोबत सुरू करावा.

श्रावणात दारू सोडण्याच्या याच सवयीमुळे दीप अमावास्येनंतरचा पहिला आठवडा दवाखान्यात डोळ्यांत तेल घालून काढावा. रोज पिणारे एका रात्रीत सगळे बंद करतात. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि 48 ते 96 तासांत डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भान हरपून भास होणारी जीवघेणी अवस्था. ओळखीच्या पेशंटला आषाढातच सांगून ठेवा की एकदम बंद करू नकोस, आधी भेटून जा.

प्रमाण न विचारणे

‘थोडी घेतो’ हे उत्तर केसपेपरवर लिहिण्यात काही अर्थ नाही. काय, किती, कधीपासून आणि सकाळी उठल्यावर लागते का, हे विचारा. बाटलीवर 42.8 टक्के छापलेले असेल तर 180 मिली क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल असते. 10 ग्रॅमचे एक युनिट धरले तर ती 6 युनिट झाली. 650 मिलीच्या 8 टक्के स्ट्राँग बिअरमध्ये साधारण 4 युनिट. हातभट्टी आणि शिंदीचे प्रमाण ठरलेले नसते, तिथे ग्लास मोजा आणि लक्षणांवर जास्त भर द्या.

जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही 10 प्रश्नांची चाचणी कंपाउंडरलाही शिकवता येते. 8 किंवा जास्त गुण म्हणजे धोक्याचे पिणे, 20 किंवा जास्त म्हणजे अवलंबित्वाची दाट शक्यता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पेशंटला प्रश्न तेलुगूत विचारले की उत्तरे मोकळी येतात, कन्नड घरांतही तसेच. बायकांनाही विचारा, फक्त नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर नको. विचारायचेच राहून गेल्याने बायकांचे पिणे वर्षानुवर्षे ‘ॲनिमिया’ आणि ‘चक्कर’ या नावांखाली झाकलेले राहते.

नुसती डेक्स्ट्रोजची बाटली

अशक्त, थरथरणारा, दोन दिवस न जेवलेला माणूस येतो, नातेवाईक सलाईन मागतात आणि 5 टक्के डेक्स्ट्रोज लावले जाते. शरीरात थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) संपलेले असताना नुसती साखर गेली तर वेर्निके एन्सेफॅलोपथी (थायमिनअभावी मेंदूला होणारी इजा) उफाळू शकते. म्हणून थायमिन आधी किंवा निदान सोबत द्यावे. मात्र साखर खूप खाली असेल तर ग्लुकोज अडवून ठेवू नका, दोन्ही लगेच द्या. प्रतिबंधासाठी थायमिन तोंडाने 100 मिग्रॅ. दिवसातून दोन-तीनदा. नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्स कॅप्सुलमध्ये थायमिन इतके कमी असते की ती या कामाची नाही. गोंधळलेपणा, डोळ्यांची विचित्र हालचाल, तोल जाणे यांपैकी एक जरी दिसले तरी वेर्निके गृहीत धरा. तिन्ही लक्षणे एकत्र येण्याची वाट पाहिली तर बहुतेक पेशंट हुकतील. अशाला शिरेतून मोठ्या मात्रेत, साधारण 500 मिग्रॅ. दिवसातून तीनदा थायमिन लागते. ते काम रुग्णालयाचे.

बाटली लावण्याआधी ग्लुकोमीटर लावा आणि डोके चाचपून पाहा. पडून लागलेला मार आणि त्यानंतर वाढत गेलेली गुंगी, हा मेंदूतला रक्तस्राव असू शकतो. ‘प्यालाय, झोपू दे’ म्हणून असे जीव गेले आहेत.

झोपेची गोळी, चुकीची सुई

झोप नाही म्हणून अल्प्राझोलाम (बेंझोडायझेपिन गटातली गोळी) महिनोन्‌महिने लिहिणे म्हणजे एका व्यसनाला दुसरे जोडणे. त्यावर दारू प्यायली की श्वास मंदावतो. या गटातल्या औषधांची खरी जागा दारू सोडवण्याच्या पहिल्या आठवड्यात आहे. रोज दीड-दोन क्वार्टर घेणाऱ्या, यकृत बऱ्या अवस्थेत असलेल्या प्रौढाला क्लोरडायझेपॉक्साइड 20 ते 25 मिग्रॅ. दिवसातून चार वेळा सुरू करून, रोज कमी करत 7 ते 10 दिवसांत पूर्ण बंद करावे. पहिला डोस थरथर आणि घाम दिसल्यावर द्यावा. माणूस अजून झिंगलेला असेल तर नको. कावीळ, पोटात पाणी किंवा उतारवय असेल तर लोराझेपामकडे वळा. गोळ्या एक-दोन दिवसांच्याच द्या आणि घरच्या एका जबाबदार माणसाच्या हाती द्या.

आधी कधी फिट किंवा डिलिरियम झालेला, घरी कुणीच नसलेला, गरोदर बाई, जीव देण्याचे विचार असलेला: यांची दारू घरी सोडवायची नाही. सिव्हिलमध्ये पाठवा.

विथड्रॉवलमध्ये (दारू बंद झाल्यावरच्या त्रासात) बडबडणाऱ्या पेशंटला नुसते क्लोरप्रोमाझिन किंवा फेनर्गनची सुई देण्याची सवय अजून आहे. दोन्हींमुळे फिट येण्याची शक्यता वाढते. एक फरक लक्षात ठेवा: शुद्ध जागेवर असताना आवाज ऐकू येत असतील तर दारूमुळे झालेले भास किंवा स्वतंत्र सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणारा मनाचा आजार) असू शकतो. दिवस-वेळ कळत नसेल, ताप आणि घाम असेल तर डिलिरियम, म्हणजे तातडीची केस.

डाळीत कालवलेले औषध

‘त्याला न सांगता देता येईल असं काहीतरी द्या’ ही मागणी बायको किंवा आई फार कळवळून करते. तिचा त्रास खरा आहे, पण डायसल्फिरॅम ही दारू सोडवण्याची गोळी अशी देऊ नका. नकळत ते पोटात गेलेला माणूस पितो, तेव्हा चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी कोसळते. हृदयाचा आजार असेल तर जीव जाऊ शकतो, सायकोसिस असेल तर तो भडकतो. पेशंटची लेखी संमती, शेवटच्या पेगनंतर किमान 24 तास आणि लिव्हरची तपासणी एवढे झाल्याशिवाय ते सुरूच करू नये. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत प्रतिक्रिया येऊ शकते. कफ सिरपमधल्या अल्कोहोलनेही येते.

मनाचा आजार सोबत असताना ओढ कमी करणारी औषधे जास्त सोयीची. नाल्ट्रेक्झोन रोज 50 मिग्रॅ., पण ट्रामाडॉल किंवा इतर अफूजन्य औषध चालू असेल तर मुळीच नाही. अकॅम्प्रोसेट 333 मिग्रॅ.च्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. त्याआधी क्रिएटिनिन पाहा, किडनी मंद असेल तर मात्रा कमी करा किंवा टाळा. नैराश्यासाठी सर्ट्रालिन 50 मिग्रॅ. ही बरी सुरुवात. ॲमिट्रिप्टिलिन या नैराश्याच्या दुसऱ्या औषधाची पट्टी अशा घरात नको, दारूबरोबर तिचा ओव्हरडोस जीवघेणा ठरतो. सर्ट्रालिनसारख्या एसएसआरआय गटातल्या गोळीसोबत डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणि दारू आली तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. अंगदुखीसाठी बाहेरून घेतलेल्या गोळ्या म्हणूनच विचाराव्या.

जीवाबद्दल न विचारणे

विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. ‘कधी जीव नकोसा होतो का? काही ठरवलंय का? घरी कीटकनाशक किंवा गोळ्यांचा साठा आहे का?’ हे थेट विचारा. शुद्धीवर असताना विचारा आणि नशेत काय म्हणाला होता ते घरच्यांना वेगळे विचारा. नशेत बोलला म्हणून सोडून देऊ नका, बहुतेकदा धोका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. कीटकनाशक त्याच दिवशी घराबाहेर काढायला लावा. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर केसपेपरवरच लिहून द्या. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

पेशंट पुन्हा प्यायला लागला तर ओरडून परत पाठवू नका आणि नैराश्याची गोळीही तोडू नका. फक्त डायसल्फिरॅम थांबवा, थायमिन पुन्हा सुरू करा, किती आणि कशामुळे प्यायला ते लिहून घ्या. पहिला महिना आठवड्याला एकदा, नंतर दर पंधरवड्याला बोलवा. रात्रपाळीच्या कामगाराला संध्याकाळची ओपीडी जमत नसेल तर पाळी सुटल्यावरची सकाळची वेळ द्या, आणि तारीख चुकली तर दुसऱ्याच दिवशी घरी फोन करायला सांगा.