हॅलोविनच्या रात्री जुने मॉन्स्टर पिक्चर कसे बघावेत

१९३१ सालच्या ‘ड्रॅक्युला’त ड्रॅक्युलाचे सुळे एकदाही दिसत नाहीत. मानेवर दात टेकायची वेळ आली की कॅमेरा सभ्यपणे नजर वळवतो. रक्त म्हणाल तर पाहुण्याच्या कापलेल्या बोटावरचं, तेही थेंबभर. सुरुवातीच्या नामावलीला चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’चा तुकडा वाजतो आणि त्यानंतर पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, पात्रं सावकाश बोलतात, मधल्या शांततेत जुन्या ध्वनिपट्टीची खरखर. हा पिक्चर लॅपटॉपवर एकट्याने लावलात तर विसाव्या मिनिटाला फोन हातात येईल. माझं पहिल्या वेळी तसंच झालं होतं.

मग इथे अमेरिकेत सत्तरीची माणसं ऑक्टोबर लागला, ३१ तारखेचं हॅलोविन जवळ आलं की या पिक्चरांच्या आठवणीने एवढी हळवी का होतात? आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त आजोबांना मी हे विचारलं. ते म्हणाले, “अरे, आम्ही थेटरात कुठे पाहिले? आम्ही ते टीव्हीवर पाहिले.”

सगळी गोम तिथे आहे. युनिव्हर्सल स्टुडिओचे हे पिक्चर १९३० आणि ४० च्या दशकातले, म्हणजे या मंडळींच्या जन्माआधीचे. पण १९५७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यातल्या ५२ पिक्चरांचा गठ्ठा ‘शॉक’ या नावाने टीव्ही केंद्रांना विकला गेला. गावोगावच्या केंद्रांनी ते रात्री उशिरा दाखवायला सुरुवात केली आणि नाइट ड्रेसमधली पोरं आईची मिनतवारी करून जागू लागली. आठवण आहे ती त्या रात्रींची. म्हणून खरी मजा घ्यायची तर नुसता पिक्चर लावून भागत नाही. एका रात्रीपुरतं घरात जुनं टीव्ही केंद्र उभं करावं लागतं.

आधी पिक्चर ठरवा, आणि दोनच ठरवा

‘मॅरेथॉन’च्या मोहात पडू नका. पाच पिक्चरांची यादी केलेल्या घरात तिसऱ्याला सगळे घोरत असतात. हे पिक्चर आटोपशीर आहेत, बहुतेक ७० ते ८० मिनिटांचे. दोन मिळून आपल्या एका हिंदी पिक्चरएवढा वेळ लागतो.

अगदी नवख्या मंडळींसाठी माझं मत ‘द इन्व्हिजिबल मॅन’ला, १९३३ चा. वेग आहे, खट्याळपणा आहे आणि क्लॉड रेन्स या नटाचा नुसता आवाज आहे, कारण त्याचा चेहरा दिसतो तो अगदी शेवटी. कपडे चालताहेत पण आत माणूस नाही, ही करामत काळ्या मखमलीची. माणसाला नखशिखांत काळ्या मखमलीत गुंडाळायचं, वर कपडे चढवायचे, काळ्याच मखमलीच्या पडद्यासमोर उभं करायचं आणि तो भाग दुसऱ्या चित्रीकरणावर बसवायचा. मुलांना हे आधी सांगू नका. पिक्चर संपल्यावर “कसं केलं असेल?” विचारा आणि अंदाज ऐका.

पण जोडीच बघायची तर १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि १९३५ चा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’. दोन्हींचा दिग्दर्शक जेम्स व्हेल. पहिल्याच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावासमोर नटाऐवजी प्रश्नचिन्ह येतं, ते चुकवू नका. तो नट बोरिस कार्लोफ, त्या वेळी ४३ वर्षांचा आणि फारसा कोणाला माहीत नसलेला. मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील ब्रिटिश हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात होते. जॅक पिअर्स नावाचा रंगभूषाकार रोज तासन् तास त्याच्या डोक्यावर ते चपटं कपाळ उभं करायचा. कार्लोफने आपली दातांची कवळी एका बाजूने काढून ठेवली, म्हणून तो गाल असा आत गेलेला दिसतो. मानेतले ते दोन खिळे म्हणजे स्क्रू नव्हेत, वीज सोडायची टोकं आहेत. आणि हो, फ्रँकेन्स्टाइन हे त्याला बनवणाऱ्याचं नाव. ही चूक दुरुस्त करणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो, त्याला एकदाच बोलू द्या.

लहान मुलं असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तळ्याकाठी राक्षस आणि छोटी मारिया पाण्यात फुलं सोडताहेत, फुलं संपतात, आणि तीही तरंगेल अशा समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो. हा तुकडा सेन्सॉरच्या कात्रीत गेला होता आणि अनेक दशकांनी परत जोडला गेला. गंमत अशी की कापलेल्या प्रतीत तो मुलीकडे हात नेतो तिथेच दृश्य तुटायचं आणि पुढे थेट बाप तिचं कलेवर घेऊन येताना दिसायचा. मधे काय झालं असेल याचे जे तर्क प्रेक्षकांनी केले, ते मूळ दृश्याहून भयंकर होते. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी मी हा पिक्चर टाळतो. त्यांच्यासाठी १९४८ चा ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ आणा. विनोदी जोडी, आणि तिच्यामागे लागलेले ड्रॅक्युला, लांडगामाणूस आणि राक्षस, तिघेही. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चा नट बेला लुगोसी पडद्यावर ड्रॅक्युला म्हणून दुसऱ्यांदा आणि अखेरचा आला तो याच पिक्चरात.

‘ब्राइड’मधली नवरी शेवटच्या काही मिनिटांतच येते. नवरी झालेल्या एल्सा लँचेस्टरने तिचा तो फूत्कार हंसांकडून उचलला होता. हे सांगितलं की घरातल्या मुली आठवडाभर तसंच फिस्कारतात, त्याची तयारी ठेवा.

‘द वुल्फ मॅन’ १९४१ चा, ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ १९५४ चा. दुसरा मूळचा थ्री-डी. पाण्याखालच्या दृश्यांत रिकू ब्राउनिंग हा नट त्या जलराक्षसाच्या पोशाखात श्वास रोखून पोहलेला आहे. हे दोन पुढच्या वर्षाला ठेवा.

पदरचे पैसे घालायचे नसतील तर १९२२ चा ‘नोस्फेराटू’ आणि १९२५ चा ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ हे मूकपट अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहेत, इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर सापडतात. ‘नोस्फेराटू’ तर मुळात परवानगी न घेता केलेला ‘ड्रॅक्युला’च. ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला, आणि तरी काही प्रती वाचल्या. मूकपट मात्र पाहुण्यांच्या गर्दीत लावू नका. ते दोघा-तिघांनी बघायचे.

टीव्ही बिघडवा, म्हणजे सुधारेल

हे काम दुपारीच उरका. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, प्रत्येक कंपनीचं तिचं नाव वेगळं. ती बंद करा. ती चालू असली की कार्लोफ दैनंदिन मालिकेत काम केल्यासारखा दिसतो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की झालं. दुसरं, चित्र ताणून पडदा भरू नका. हे पिक्चर जवळपास चौकोनी चौकटीत काढलेले आहेत. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणार आणि तेच बरोबर. चेहरे रुंद दिसायला लागले की समजा कोणीतरी रिमोटला हात लावलाय.

रंग चढवलेली प्रत मिळाली तरी घेऊ नका. राक्षसाच्या तोंडाला हिरवट-करडा रंग फासला होता तो कृष्णधवल फिल्मवर मढ्यासारखा पांढुरका उतरावा म्हणून. खोलीत एखादा मंद दिवा पाठीमागे राहू द्या, मिट्ट काळोख नको. आणि इंग्रजी सबटायटल्स लावाच; नव्वद वर्षांपूर्वीचे उच्चार आणि ती खरखर यांत आजी-आजोबांचे निम्मे संवाद वाहून जातात.

सोंगाड्या नेमा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

जुन्या केंद्रांवर पिक्चर नुसता सुरू होत नसे. आधी शवपेटीतून, नाहीतर धुरातून एक सूत्रधार यायचा. लॉस एंजेलिसला १९५४ मध्ये व्हँपायरा आली, काळ्या तंग झग्यात किंकाळी फोडत. फिलाडेल्फियात जॉन झॅकर्ली लांब काळा कोट घालून यायचा आणि चालू पिक्चरच्या मधेच स्वतःची दृश्यं घुसवायचा. शिकागोचा स्वेंगूली १९७० साली अवतरला. पुढे ते सोंग रिच कोझ याने घेतलं आणि आता तो मी-टीव्ही वाहिनीवर देशभर दिसतो. त्याच्या पांचट विनोदांना उत्तर म्हणून त्याच्या अंगावर रबराच्या कोंबड्या फेकल्या जातात. पिक्चर रटाळ असला तर ही मंडळी सरळ त्याची टिंगल करत. वगातला सोंगाड्या राजाची करतो तशीच.

तर घरातला एक जण नेमा. लाजाळू नको, आणि फार हुशारही नको. त्याला काळी चादर द्या, तोंडाला टाल्कम पावडर, डोळ्यांखाली काजळ. काम एवढंच: सुरुवातीला दोन मिनिटं प्रस्तावना, प्रत्येक पिक्चरमध्ये दोनदा व्यत्यय, शेवटी निरोप. व्यत्यय कुठे आणायचा ते आधी पिक्चर बघून ठरवून ठेवा, ऐन रंगात नको. व्यत्ययात घरगुती जाहिरात करा. आमच्याकडे एकदा “ट्रान्सिल्व्हेनिया छाप लसूण चटणी, पाहुणे पुन्हा येणार नाहीत” अशी जाहिरात झाली होती. पन्नास-साठच्या दशकातल्या खऱ्या अमेरिकन जाहिरातीही इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. दोन-तीन मधे पेरल्या तर बहार येते. प्रेक्षकांना फेकायला पायमोज्यांचे गोळे द्या.

आणि नियम एकच: पिक्चर थांबवायचा नाही. कोणाला चहा हवाय, कोणाला फोन आलाय, तरी थांबवायचा नाही. त्या काळी जे चुकलं ते चुकलं, म्हणून तर सगळे जागेवर खिळलेले असत. फोन एका टोपलीत जमा करा.

घर सजवा, पण स्वस्तात

दुकानातले फुगवलेले सात फुटी सांगाडे विसरा. साठच्या दशकातल्या घरात पुठ्ठ्याचा, सांध्यांत खिळे मारलेला सांगाडा दाराला लटके आणि नारिंगी-काळ्या क्रेप कागदाच्या पट्ट्या असत, बस. पुठ्ठ्याचा सांगाडा मुलं तासाभरात करतात.

मुखवटेही तसेच. त्या वेळचा तयार पोशाख खोक्यात यायचा: पातळ प्लास्टिकचा मुखवटा, मागे रबरी दोरी, नाकाला दोन भोकं, आणि एक झगा ज्याच्या छातीवर त्याच राक्षसाचं चित्र आणि नाव छापलेलं! म्हणजे अंगावर फ्रँकेन्स्टाइन आणि छातीवर फ्रँकेन्स्टाइनचा फोटो. यामागचा विचार मला कधीच कळला नाही, पण जुन्या टी-शर्टवर मार्करने हे करून बघा, जाणकार पाहुणे बघताक्षणी हसतात.

डोळे-तोंड कोरून आत दिवा ठेवायचा तो भोपळा दोन-तीन दिवस आधीच कोरा, त्याहून आधी नको, तो बुरसटतो. देठाकडचं झाकण कापताना सुरी तिरकी धरा, सरळ कापलंत तर झाकण आत पडतं. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. बिया धुऊन, नीट पुसून, तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये खरपूस होईपर्यंत भाजा. त्याच भोपळ्याचे घारगे करण्याच्या फंदात मात्र पडू नका. कोरायचा भोपळा पाणचट आणि बेचव असतो. घारग्यांना ‘पंपकिन पाय’ या गोड पदार्थासाठी विकतात तो लहान भोपळा घ्या.

खाण्याचं फार सांगण्यासारखं नाही. पाकात वळलेले पॉपकॉर्नचे लाडू, दालचिनी-लवंग घालून गरम केलेला सफरचंदाचा रस, आणि कँडी कॉर्न, म्हणजे मक्याच्या दाण्यासारखी गोड गोळी, जी कोणालाच आवडत नाही आणि तरी वाडगाभर लागतेच. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली तेव्हा इथल्या कितीतरी मराठी घरांत वाडग्याशेजारी चकल्या होत्या. हॅलोविनला सोंगं घेऊन कँडी मागायला दार वाजवणाऱ्या पोरांनी आधी काय उचललं ते सांगायला नको.

रात्रीचं वेळापत्रक

संध्याकाळी दाराची घंटा सारखी वाजत असते, तेव्हा पिक्चर लावू नका. ‘मॉन्स्टर मॅश’ लावा. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं आणि गायक बॉबी पिकेट त्यात कार्लोफच्या आवाजाची नक्कल करतो. डिस्नेचा १९२९ चा ‘स्केलेटन डान्स’ पाच-सहा मिनिटांचा आहे, येणाऱ्याजाणाऱ्या मुलांना उंबऱ्यातूनही दिसतो.

घंटा थंडावली, साधारण आठ-साडेआठला, की बाहेरचा दिवा मालवा. आता कँडी मिळणार नाही, ही खूण सगळ्यांना कळते. मग सूत्रधार, पहिला पिक्चर, वीस मिनिटांची सुट्टी, दुसरा पिक्चर. बारापर्यंत सगळं आटोपतं. दुसऱ्या पिक्चरला लहान मुलं सोफ्यावर झोपली तर उठवू नका. आमच्या त्या आजोबांना ‘ड्रॅक्युला’चा शेवट मोठेपणी कळला. लहानपणी ते दर वेळी आधीच झोपून जायचे, आणि सकाळी शाळेत मात्र पूर्ण गोष्ट रंगवून सांगायचे.

१ नोव्हेंबरला सकाळी दुकानात जा. कँडी, मुखवटे, क्रेप कागद, सगळं उतरलेल्या भावात असतं. पुढच्या वर्षीच्या सूत्रधारासाठी रबराची कोंबडी तिथेच मिळेल.