सेंद्रिय दुधाच्या कामात येताय? आधी पेंडीचं बघा

कृषी किंवा पशुसंवर्धन शिकून सेंद्रिय दूध उत्पादकांच्या गटांसोबत काम करायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी विचारतो: सरकी पेंडीला पर्याय काय देणार? कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत हेच काम करतोय, आणि बैठक कुठल्याही विषयावर लावा, ती पेंडीवरच येऊन थांबते.

सेंद्रिय नियमांत जनुकीय बदल केलेल्या पिकाचं खाद्य चालत नाही. आपल्याकडचा जवळजवळ सगळा कापूस बीटी, म्हणून बाजारातली सरकी बाद. युरिया घातलेलं पशुखाद्य बाद, युरियाची प्रक्रिया केलेली वैरणही बाद. वर्गात हे सांगून होतं अर्ध्या मिनिटात. गोठ्यात सांगितलं की एखाद्या काकी लगेच म्हणतात, "सरकी बंद म्हणताय, मग म्हस पान्हावणार कशावर ओ?" ह्या प्रश्नावर हसू नका. दुधाला दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मिळतो; फॅट उतरली की पुढच्याच बिलात कळतं.

शेंगदाणा पेंड सगळ्यांनाच सुचते. पण खानापूरच्या पावसाळ्यात पोत्याला ओल धरली की बुरशी येते, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन, आणि तेच रूप बदलून एम1 म्हणून दुधात उतरतं. दुधात त्याची मर्यादा किलोला फक्त 0.5 मायक्रोग्रॅम. म्हणजे रसायन टाळायला निघालेल्या माणसाच्या दुधात वेगळंच विष जायचं. करडई, जवस, खोबऱ्याची पेंड आहे. पण मुऱ्हा म्हशीला त्यातली कुठली किती घातली तर फॅट टिकते आणि लिटरमागं खर्च किती चढतो, हे आमच्या गोठ्यात, आमच्या वैरणीवर मोजून दाखवलेलं शेतकऱ्याला हवं आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठात सेंद्रिय शेतीची स्वतंत्र संस्था आहे, पशुपोषणाची राष्ट्रीय संस्था बंगळूरला आहे. तिथल्या माणसांना गोठ्यातला प्रश्न नीट मांडून पोचवणं हे तुमच्या कामातलं सगळ्यात मोलाचं काम, असं मला वाटतं. "सेंद्रिय खाद्यावर संशोधन व्हावं" असं पत्र कुणी वाचत नाही. दोन महिन्यांची आंबोणाची (पेंड-भुसा कालवून देतात त्या खाद्याची) आणि फॅटची नोंद जोडली तर वाचतात.

वैरणीचंही तसंच. ऊसपट्ट्यात हंगामभर वाडे (उसाचे शेंडे), खानापूरकडं भाताचं पिंजर. दोन्हीत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि व्यायलेली म्हस खाली बसते. खनिज मिश्रण, लसूणघास, चवळी, बांधावरची शेवरी हे पुस्तकात सगळं आहे. पण ज्याचा दोन एकरांतला दीड एकर ऊस कारखान्याला जातो, त्याला लसूणघास कुठं लावू हे सांगणारं पुस्तक मी अजून पाहिलेलं नाही.

दगडीबद्दल, म्हणजे कासेच्या सुजेबद्दल, थोडं. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि साधारण 15 ग्रॅम चुना वाटून कासेला लावायचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही गावोगाव पोचवला आहे. सुरुवातीच्या अवस्थेत तो उपयोगी पडतो. शिकवायचं ते पुढचं: दगडी धार काढतानाच ओळखायची कशी, आणि लेप थांबवून डॉक्टरांना कधी बोलवायचं. सेंद्रिय म्हणून जनावर तडफडत ठेवा असं कुठलाच नियम सांगत नाही. अँटिबायोटिक द्यावंच लागलं तर द्यायचं, औषधावर लिहिलेल्या मुदतीच्या दुप्पट काळ ते दूध सेंद्रिय म्हणून विकायचं नाही आणि वहीत खरं लिहायचं. त्या दिवसांचं नुकसान कोण सोसणार, हे गटानं आधीच ठरवलेलं बरं. नाहीतर वही खोटी होते.

प्रमाणपत्राची माहिती कागदावर मिळेल, लांबवत नाही. पीजीएस (शेतकऱ्यांनी गटात एकमेकांची तपासणी करून हमी द्यायची पद्धत) गटाला किमान 5 शेतकरी लागतात. एनपीओपीची, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांची, आठवी आवृत्ती 2025 च्या जानेवारीत आली, तीच वाचा, जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. प्रमाणपत्र असलं तरी गावच्या संस्थेत सगळ्यांचं दूध एकाच टाकीत जातं. वेगळा कॅन आणि वेगळं गिऱ्हाईक, बेळगावातलं किंवा गोव्यातलं, नसेल तर जादा दर मिळत नाही. हे शेतकऱ्याला पहिल्या बैठकीत सांगा, वर्षानं नको.

कन्नड वाचता आलंच पाहिजे. खात्याचे अर्ज, अनुदानाची पत्रकं, बहुतेक प्रशिक्षणं कन्नडमध्येच असतात. जिल्ह्यात मत्तिकोप्प आणि तुक्कानट्टी अशी दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथं जाऊन मराठी गावांसाठी वेगळा वर्ग मागा, निदान सोबत दुभाषा म्हणून बसायची तयारी दाखवा.

आणि वेळ बघा. प्रशिक्षण सकाळी दहाला केंद्रावर ठेवलं की तात्या येतात, चहा घेतात, सही करतात. धार काढणाऱ्या, आंबोण कालवणाऱ्या वहिनी घरीच. मी आता वर्ग दुपारी दोनला, गोठ्यातच ठेवतो, आणि हजेरीपटावर धार काढणाऱ्या माणसाचं नाव वर लिहितो.